तुमची विंडोज कुठल्या दारानं येते?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले आणि या सदराचं टपालच बदललं. पूर्वी प्रिंटर, वायफाय, 'पेनड्राइव्हमधले फोटो गेले' अशी पत्रं यायची. आता 'जुन्या मशीनवर विंडोजच्या शेजारी लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) टाकलं आणि…' अशी येतात. त्या 'आणि'च्या पुढचं दुखणं बऱ्याच जणांचं एकाच जागी आहे, म्हणून या वेळी ही पत्रं एकत्र घेतली. मासिकात आज्ञा देवनागरीत छापल्यात. टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या.

प्रश्न : ताई, बार्शीत माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. पीसी २०१३ चा. त्यावर विंडोज ७ होती, तिचीच पुढे १० केली. ५०० जीबीच्या हार्डडिस्कवर पेजमेकर आणि श्रीलिपीतल्या सगळ्या जुन्या फाइली आहेत. मुलानं २४० जीबीची नवी एसएसडी बसवून तिच्यावर लिनक्स मिंट टाकलं. मिंट झकास चालतं, पण मशीन चालू केलं की थेट तेच येतं, विंडोज विचारतच नाही. मुलगा म्हणतो, उडाली असेल. लग्नसराई तोंडावर आहे. काय करू?

उत्तर : उडालेली नाही हो. मशीन बंद करा. चालू करतानाच एफ१२ दाबत राहा. तुमच्या बोर्डाला कदाचित एफ८ किंवा एफ११ लागेल. एक यादी येईल. तिच्यात ५०० जीबीवाल्या डिस्कचं नाव असेल, ते निवडून एंटर. विंडोज येईल. आधी हातातल्या पत्रिका छापून द्या, फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि मग पुढचं वाचा.

वाचलात? मग आता विंडोजमध्ये असतानाच खिडकीच्या चिन्हाचं बटण आणि आर एकत्र दाबा, 'एमएसइन्फो३२' लिहा. जी लांबलचक यादी उघडेल तिच्यात 'बायोस मोड' अशी एक ओळ आहे. तुमच्याकडे तिथे 'लेगसी', म्हणजे जुनी पद्धत, लिहिलेलं असणार, पैज लावते. मिंटमध्ये जाऊन 'सिस' फोल्डर उघडा, त्यात 'फर्मवेअर', आणि त्यात 'ईएफआय' नावाचा फोल्डर आहे का बघा. तो असला तर मिंट यूईएफआय पद्धतीनं सुरू झालंय. एकाच घरात दोघं राहताहेत, पण एक पुढच्या दारानं येतो आणि दुसरी परसदारानं. त्यामुळे त्यांची गाठच पडत नाही.

जुनं दार म्हणजे बायोस. १९८१ च्या आयबीएम पीसीपासूनचं. त्याचं डोकं साधं: डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचायचा आणि त्यात जे लिहिलंय ते चालवायचं. त्या ५१२ पैकी ४४६ बाइट सुरू करणाऱ्या कोडला, ६४ बाइट पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागांच्या, तक्त्याला आणि उरलेले २ खुणेला. एका पार्टिशनच्या नोंदीला १६ बाइट लागतात, म्हणून नोंदी फक्त चार. यालाच एमबीआर म्हणतात. नवं दार यूईएफआय. ते पहिला तुकडा चालवत बसत नाही. डिस्कवर एक लहानसं फॅट३२ पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक सिस्टिमचा आपापला फोल्डर आणि फोल्डरात सुरू करणारी फाइल. यूईएफआय स्वतःजवळच्या यादीत बघून ती फाइल उचलतं. २०१३ च्या सुमाराच्या बोर्डांत ही दोन्ही दारं असतात, कारण यूईएफआयच्या पोटात सीएसएम नावाचा एक भाग जुन्या बायोसचं सोंग घेऊन बसलेला असतो.

मुलाची चूक म्हणाल तर एवढीच. इन्स्टॉल करताना पेनड्राइव्ह निवडायला त्यानं जी यादी उघडली, तिच्यात तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला असणार. एकदा नुसत्या नावानं आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' लावून. त्यानं दुसरी ओळ निवडली. कुणीही तीच निवडेल, ती नवी वाटते. पण पेनड्राइव्ह ज्या दारानं आत शिरतो, त्याच दाराचं लिनक्स तो बसवतो.

आणि लिनक्सचा ग्रब, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टिम हवी ते विचारणारा काळा मेन्यू, स्वतः ज्या दारानं आला त्याच दाराच्या सिस्टिमला हाक मारू शकतो. जुन्या पद्धतीची विंडोज सुरू होताना डिस्क वाचायला बायोसची मदत मागते. मशीन यूईएफआयनं उठलेलं असलं की ती मदत द्यायला बायोस जागेवरच नसतो. म्हणून मेन्यूत नाव घालूनही उपयोग होणार नाही.

आता उपाय. एक म्हणजे काहीच न करणं: विंडोज हवी तेव्हा एफ१२. यात कमीपणा काही नाही, आठवड्यातून दोनदाच पेजमेकर लागत असेल तर मी हेच करीन. दुसरा, विंडोजलाच नव्या दारानं आणणं. विंडोज १० मध्ये २०१७ पासून 'एमबीआर२जीपीटी' नावाचं साधन आहे, ते डेटा न पुसता डिस्कचा जुना एमबीआर तक्ता बदलून जीपीटी, म्हणजे यूईएफआयच्या दाराचा नवा तक्ता, करतं. पण त्याची एक अट आपल्याकडच्या मशीनना नेमकी नडते: डिस्कवर एक्स्टेंडेड पार्टिशन (चारच्या मर्यादेवर तोडगा म्हणून पोटात आणखी पार्टिशनं घेणारं) नको. आपल्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडून दिलेत ('ताई, सी गेला तरी डी राहतो!') आणि जुन्या पद्धतीत ते बहुतेक वेळा एक्स्टेंडेडच्या पोटातच असतात. तुमचंही तसंच असेल तर हे साधन नुसत्या तपासणीतच नकार देईल. त्याच्याशी झटापट करू नका.

म्हणून तुम्हाला तिसरा सांगते: मिंटच परत टाका, लेगसीनं. ते नवं आहे, त्यात अजून तुमचं काही नाही, अर्ध्या तासाचं काम. मशीन बंद करून विंडोजच्या हार्डडिस्कची साटा केबल काढून ठेवा. मला या सवयीवरून पुष्कळ जण हसलेत, पण केबलच काढलेली डिस्क आजवर माझ्या हातून पुसली गेलेली नाही. यादीतून पेनड्राइव्हची 'यूईएफआय' नसलेली ओळ निवडा. एसएसडी पूर्ण मिंटच्या हवाली करा. झालं की केबल परत जोडा, सेटअपमध्ये (विंडोज-लिनक्स सुरू व्हायच्या आधी उघडणारी मशीनची स्वतःची पानं) एसएसडीला पहिला नंबर द्या, मिंट सुरू करून टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब'. विंडोज सापडल्याची ओळ स्क्रीनवर दिसायला हवी. नाही दिसली तर 'ईटीसी' फोल्डरात 'डिफॉल्ट', त्यात 'ग्रब' ही फाइल सुडो लावून, म्हणजे मालकाच्या हक्कानं, उघडा आणि शेवटी एक ओळ घाला: 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स'. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून शेजारच्या सिस्टिमी शोधणं मुळातच बंद ठेवलंय, ते असं नकाराला नकार देऊन चालू करावं लागतं. फाइल सेव्ह करून परत अपडेट-ग्रब. आणि त्या विंडोजला आता इंटरनेट दाखवू नका. नेटची कामं मिंटमध्ये, पेजमेकर तिकडे.

हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही, चुकून शिकले. एका तंत्रनिकेतनाची कॉम्प्युटर लॅब मी २६ वर्षं सांभाळली. २०१४ च्या पावसाळ्यात विंडोज ८ वाली २२ नवी मशीन आली. माझ्याकडची लिनक्सची जुनी डीव्हीडी त्यांवर दिसेना, म्हणून मी बाईनं बावीसच्या बावीस मशीनवर 'लेगसी' चालू केलं आणि लिनक्स टाकून मोकळी झाले. काहींवर इन्स्टॉलर शेवटच्या पायरीला अडला. डिस्क जीपीटी तक्त्याची आणि ग्रब बायोसचा. त्याला लपायला १ एमबीचं वेगळं पार्टिशन लागतं. एमबीआरच्या डिस्कवर तो पहिल्या तुकड्यामागच्या रिकाम्या फटीत बसतो, जीपीटीत ती फट नसते. हे मला तेव्हा कुठे माहीत! ज्यांवर नीट बसलं तिथे गंमत वेगळीच. लिनक्सच्या तासाला मुलं सेटअपमध्ये जाऊन लेगसी करायची, पुढच्या तासाच्या बॅचला विंडोज उठायची नाही, आणि लॅबमध्ये एकच ओरड, 'मॅडम, मशीन मेलं'. प्रात्यक्षिक परीक्षेला आठ दिवस होते. दोन रात्री बसून सगळी परत केली, नव्या डीव्हीडीनं, विंडोजच्याच दारानं. शिपाईमामांनी चहा आणून दिला आणि विचारलं, 'मॅडम, पगार वाढणार का यानं?'

प्रश्न : मॅडम, मी लातूरची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नवा लॅपटॉप, विंडोज ११, ५१२ जीबी. होस्टेलवरचे सीनियर म्हणतात की आधी सिक्युअर बूट बंद कर आणि लेगसी चालू कर, त्याशिवाय उबुंटू बसत नाही. लेगसी कुठे सापडतच नाही. आणि उबुंटूचा इन्स्टॉलर उघडला तर त्यात फक्त पेनड्राइव्ह दिसतो, लॅपटॉपची डिस्क नाही. बाबांनी कर्ज काढून लॅपटॉप घेतलाय, भीती वाटते.

उत्तर : सीनियरचा सल्ला दहा वर्षांपूर्वी कुणाला तरी उपयोगी पडला असेल. तुझ्या लॅपटॉपमध्ये लेगसी बहुधा नाहीच. इंटेलनं २०१७ मध्येच सांगितलं होतं की २०२० पर्यंत जुन्या बायोसचा आधार काढून टाकणार. आणि असतं तरी तुला नको आहे, कारण तुझी विंडोज यूईएफआयनंच येते. विंडोज ११ ची तशी अटच आहे.

सिक्युअर बूटही राहू दे चालू. सही नसलेली फाइल सुरुवातीला चालू द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट या सगळ्या लिनक्सांची पहिली फाइल 'शिम' नावाची असते, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि शिम पुढे ग्रबची ओळख पटवून त्याला आत घेतो. फक्त एनव्हिडियाचं कार्ड असेल आणि त्याचा ड्रायव्हर टाकलास, तर उबुंटू एक पासवर्ड ठेवायला सांगेल. पुढच्या वेळी सुरू होताना निळा पडदा येईल, त्यात 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. तो पडदा दहाएक सेकंदच थांबतो. मुली घाबरून बघत राहतात आणि तो निघून जातो. (मुलगेही. ते फक्त सांगत नाहीत.)

डिस्क न दिसण्याचं कारण दुसरंच आहे. बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये डिस्क 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' नावाच्या पडद्याआड ठेवलेली असते. विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर असतो, इन्स्टॉलरला ती डिस्क कळत नाही. तो पडदा सेटअपमध्ये जाऊन काढता येतो, पण सरळ जाऊन काढलास तर विंडोज निळी स्क्रीन देईल. म्हणून क्रम महत्त्वाचा, नि इथे घाई नको.

सगळ्यात आधी विंडोजच्या सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, बघ. नव्या लॅपटॉपवर ते न विचारता चालू असतं. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती कागदावर लिही, वहीत नको, वही हरवते, बाबांना फोटो पाठवून ठेव. मग एन्क्रिप्शन बंद कर आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांब. काम झालं की परत चालू करता येतं, आणि कधी ती की मागितली तर तुझ्याकडे असेल. पुढे कंट्रोल पॅनेलच्या पॉवरच्या पर्यायांत 'फास्ट स्टार्टअप' बंद कर. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज अर्धी झोपलेली असते आणि तिच्या ड्राइव्हवर लिनक्सला लिहिता येत नाही. 'डिस्क मॅनेजमेंट'मधून सी आकसून १०० जीबी मोकळी सोड. विंडोजचं पार्टिशन विंडोजलाच आकसू द्यावं.

आता तो पडदा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बीसीडीएडिट /सेट सेफबूट मिनिमल'. रीस्टार्ट करतानाच सेटअपमध्ये जा, व्हीएमडी बंद कर किंवा साटा मोड 'एएचसीआय' कर. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल आणि नवा ड्रायव्हर लावून घेईल. तिथे 'बीसीडीएडिट /डिलीटव्हॅल्यू सेफबूट' देऊन परत रीस्टार्ट. विंडोज नेहमीसारखी आली की मगच पेनड्राइव्हला हात लाव. इन्स्टॉलरला आता डिस्क दिसेल.

तिथे १०० ते २६० एमबीच्या आसपासचं एक फॅट३२ पार्टिशन दिसेल. तीच ती सगळ्यांच्या फोल्डरांची जागा. तिच्यापुढे फॉरमॅटची खूण चुकूनही करू नकोस. उबुंटू विंडोजच्या फोल्डरशेजारी आपला फोल्डर ठेवील, दोघांत भांडण नाही. भीती वाटते म्हणालीस ते बरं आहे. तुझ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर काढ, म्हणजे निम्मी जाईल.

प्रश्न : लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे असतं. मदरबोर्डचा सेल बदलला, तरी तेच. (नाशिक)

उत्तर : सेलचे पैसे वाया गेले. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला भारतीय वेळ समजते. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ही आज्ञा द्या. ती देताना लिनक्स कुरकुर करेल. उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळ मागेपुढे करणाऱ्या देशांत त्या कुरकुरीला अर्थ आहे, नाशकात नाही.

प्रश्न : विंडोजचा मोठा अपडेट झाला आणि उबुंटूचा मेन्यू गायब. आता सरळ विंडोजच येते. दोन्ही यूईएफआयमध्ये आहेत, तुमचा मागचा लेख वाचून तपासलंय. मग पुसलं कुणी? (म्हापसा)

उत्तर : बहुधा कुणीच नाही. लेगसीत पहिला तुकडा एकच, जो शेवटी येईल तो आधीच्याच्या अंगावर लिहितो. तिथे विंडोज खरंच ग्रब पुसायची. यूईएफआयमध्ये दोघांचे फोल्डर वेगळे, पण 'आधी कुणाला उठवायचं' ही यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. अपडेटनंतर, विशेषतः बायोसचा अपडेट झाला असेल तर, यादीचा क्रम बदलतो. सेटअपमध्ये बूटच्या पानावर जाऊन 'उबुंटू' ही नोंद 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर न्या. नोंदच नसेल तर काही सेटअपमध्ये फाइल दाखवून नवी नोंद करता येते: ईएफआय, मग उबुंटू, मग 'शिमएक्स६४'. ही सोय नसेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हनं, यूईएफआयच्याच ओळीनं, सुरू करून ग्रब पुन्हा बसवा.

मेन्यूऐवजी 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' असं काही दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं जुने शिम नकाराच्या यादीत टाकले आणि जगभर दोन सिस्टिमींची मशीन अडली. त्यावर सिक्युअर बूट तेवढ्यापुरतं बंद करून लिनक्स सुरू करायचं, सगळे अपडेट घ्यायचे आणि मग चालू करायचं. तुम्ही 'गायब' लिहिलंय, संदेशाचं काही लिहिलेलं नाही, म्हणून पहिलंच धरते. पुढच्या वेळी कृपा करून स्क्रीनचा फोटो पाठवा.

प्रश्न : दुबईहून लिहितोय. भाच्याला लॅपटॉप द्यायचा म्हणून विंडोजमधून लिनक्सची पार्टिशनं डिलीट केली. आता काळ्या पडद्यावर 'ग्रब' आणि पुढे एक बाण. भाचा शनिवारी येतोय.

उत्तर : नुसतं 'ग्रब' असेल तर मशीन बहुधा यूईएफआयचं. 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबा, यादीतल्या पुढच्या नोंदीवर म्हणजे विंडोजवर जाईल. न गेल्यास बूट मेन्यूतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा आणि सेटअपमध्ये त्यालाच पहिला करा. 'ग्रब रेस्क्यू' असं असेल तर जुनी पद्धत असण्याचा संभव जास्त. मग विंडोजच्या पेनड्राइव्हनं सुरू करून दुरुस्तीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बूटरेक /फिक्सएमबीआर'. शनिवारपर्यंत होईल. विंडोज भाच्याच्या नावानं नव्यानंच टाकून देणार असाल तर यातलं काहीच करू नका.

प्रश्न : वय ७४, रत्नागिरी. बँकेतून निवृत्त. लॅपटॉप विंडोज ११ ला अपात्र ठरला. पेपर वाचणे, नातीशी व्हिडिओ कॉल, वीजबिल, आणि पत्ते, एवढाच वापर. जावई म्हणतात दोन्ही सिस्टिमी ठेवा, अडीअडचणीला विंडोज असावी. आपले मत?

उत्तर : काका, जावयांना नमस्कार सांगा आणि एकच ठेवा. तुम्ही लिहिलेल्या चारही गोष्टी मिंटमध्ये होतात, पत्त्यांसकट. दोन सिस्टिमी ठेवल्या तर रोज सकाळी त्या काळ्या मेन्यूसमोर दहा सेकंद बसावं लागेल, आणि जी विंडोज अडीअडचणीसाठी ठेवली तिचीच अडचण घेऊन तुम्ही मला पत्र लिहाल. फोटो आणि बँकेची कागदपत्रं आधी पेनड्राइव्हवर काढा, मग सगळी डिस्क मिंटला द्या. विंडोज ठेवायची नाही म्हटल्यावर दार कुठलंही चालतं, पण लॅपटॉपला यूईएफआय असेल तर तेच घ्या. नात कॉलवर असताना तिलाच पायऱ्या वाचायला सांगा, तुमच्या फोनवरून. लॅपटॉपवरून नको, तो त्या वेळी फॉरमॅट होत असेल.